विश्लेषण : एअर रायफलचे छर्रे तोलून-मापून नेम खरेच सुधारतो का?

८ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिम्पिकमधील १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी. अभिनव बिंद्रा आणि युक्रेनचा सेर्ही कुलिश यांचे गुण सारखेच, १६३.८. दोघांपैकी बाहेर कोण जाणार हे ठरवण्यासाठी एक जादा फैर. कुलिशने १०.५ मारला, बिंद्राने १०.०. बिंद्रा चौथा आला आणि पदक हुकले. गुणांतला हा अर्धा फरक लक्ष्यावर मोजला तर साधारण सव्वा मिलिमीटर भरतो, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा.

त्या निकालाचे खापर मला छर्ऱ्यावर फोडायचे नाही. पण ज्या खेळात पदक मोहरीएवढ्या अंतराने जाते, तिथे प्रत्येक वस्तूवर संशय घेतला जातो. रायफल, कोट, बूट आणि शेवटी छर्रा. म्हणूनच रेंजवर ‘सॉर्ट केलेले पेलेट’ हा शब्द हल्ली पालकांच्याही तोंडी ऐकू येतो.

माझ्या कोल्हापूरच्या मामानेही तो ऐकला. मामेबहीण दहावीत आहे, दोन वर्षांपासून नेमबाजी करते. मामाने एका विक्रेत्याकडून ‘निवडलेले’ छर्रे जादा पैसे देऊन आणले आणि मला फोन केला, ‘‘तू इंजिनीअर ना? हे खरं की नुसती हवा, ते सांग.’’ मेकॅनिकलची पदवी घेऊन बातम्या लिहिणाऱ्या मुलीला असा प्रश्न टाळता येत नाही. रजा टाकून गेले, काटा मागवला आणि आम्ही तिघे डबा उघडून बसलो.

माझे मत आधीच सांगते. १० मीटरवर छर्रे तोलण्याने फारसे काही हाती लागत नाही. ५० मीटरवर लागते. पण दोन्ही ठिकाणी तोलण्याआधी करायच्या गोष्टी आपण वगळतो आणि तोलल्यानंतरची तपासणी तर करतच नाही.

छर्रा असतो कसा?

एअर रायफलचा छर्रा शिशाचा असतो आणि त्याचा आकार डमरूसारखा. पुढे डोके, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. डोके नळीच्या आतील पिळांना टेकून सरळ बसते. मागून दाबाची हवा आली की घेर किंचित फुगून नळीला घट्ट चिकटतो आणि हवा निसटू देत नाही. पीळ छर्ऱ्याला गरगर फिरवतात आणि त्या फिरण्याने तो हवेत स्थिर राहतो.

यावरून तीन गोष्टी कळतात. डोक्याचा व्यास नळीला जुळला पाहिजे. घेर गोल आणि अखंड पाहिजे. आणि वजन छर्ऱ्याच्या मध्यरेषेभोवती सारखे पसरलेले पाहिजे. यातली तिसरी गोष्ट कोणत्याही काट्यावर दिसत नाही. आत बारीकशी पोकळी राहून वजन एका बाजूला सरकले असेल, तर काटा अचूक आकडा दाखवेल आणि छर्रा तरीही भरकटेल.

लक्ष्य किती बारीक?

१० मीटरच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ फक्त ०.५ मिलिमीटरचे असते, छापलेला एक ठिपका. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड त्या ठिपक्याला नुसती शिवली तरी १०.० मिळतात. तिथून केंद्राकडे प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ गुण वाढतो आणि १०.९ वर संपतो. पात्रता फेरीत असे ६० नेम, सव्वा तासात.

थोडक्यात, या खेळातले चलनी नाणे म्हणजे पाव मिलिमीटर. छर्ऱ्यातील कोणत्याही दोषाची किंमत याच नाण्यात मोजायची.

वजनातील फरकाने किती बिघडते?

हा हिशेब अकरावीच्या भौतिकशास्त्राचा आहे. रायफल प्रत्येक वेळी साधारण तेवढीच ऊर्जा देते असे धरू. छर्रा १ टक्का जड असेल तर त्याचा वेग सुमारे अर्धा टक्का कमी होतो. वेग कमी म्हणजे लक्ष्यापर्यंत पोहोचायला वेळ जास्त आणि तेवढा वेळ गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत राहते.

स्पर्धेतला छर्रा सुमारे ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर. १० मीटर जायला त्याला ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्यात तो सुमारे १८ मिलिमीटर खाली येतो. हे खाली येणे साइट लावताना आधीच जमेस धरलेले असते, त्यामुळे त्याची चिंता नाही. चिंता फक्त फरकाची. वजनात १ टक्का फरक पडला तर नेम ०.२ मिलिमीटरपेक्षाही कमी सरकतो. म्हणजे आपले पाव मिलिमीटरचे नाणेही पुरते खर्च होत नाही. १ टक्का म्हणजे ५ मिलिग्रॅम आणि चांगल्या स्पर्धा-छर्ऱ्यांचा डबा मुळातच बऱ्यापैकी एकसारखा असतो.

आता ५० मीटर घेऊ. ०.५५ ग्रॅमचा घुमटाकार डोक्याचा छर्रा, वेग सेकंदाला सुमारे २४० मीटर. वाटेत हवा त्याला अडवते, त्यामुळे ५० मीटर कापायला जवळपास पाव सेकंद जातो. तेवढ्यात तो २८ सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो. इथे तोच १ टक्का फरक नेम सुमारे २ मिलिमीटर सरकवतो. म्हणजे अंतर पाचपट झाले आणि चूक दहापटीहून अधिक. कारण पडणे अंतराच्या नव्हे, वेळेच्या वर्गाने वाढते.

म्हणून ‘तोलून फायदा होतो का?’ या प्रश्नाला ‘किती मीटरवर?’ असा प्रतिप्रश्न करायला हवा. तो न करता दिलेले उत्तर हो असो वा नाही, अर्धेच असते.

५० मीटरवर एअर रायफल चालवते कोण?

इथे एक गल्लत दूर करते. स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकले, ती एअर रायफल नव्हती. ती .२२ ची रायफल, बारूद भरलेल्या काडतुसांची. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेता झाला तो प्रकार १० मीटर एअर रायफलचा. ऑलिम्पिकमध्ये हवेवरची रायफल १० मीटरच्या पुढे जात नाही.

पण ऑलिम्पिकबाहेर ती जाते. ब्रिटनमध्ये रुजलेल्या ‘फिल्ड टार्गेट’ या प्रकारात नेमबाज मोकळ्या रानात साधारण ९ ते ५० मीटरवरची धातूची लक्ष्ये पाडतात. लांबच्या लक्ष्यात छर्रा जाण्यासाठी असते जेमतेम ४० मिलिमीटरचे भोक. अमेरिकेतील ॲरिझोनात भरणाऱ्या बेंचरेस्ट स्पर्धेत, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून खेळायच्या प्रकारात, १०० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे ९१ मीटरपर्यंत नेम धरला जातो. छर्रे तोलण्याचे, मापण्याचे वेड तिथले आहे आणि तिथे ते शहाणपणाचे आहे. आपल्याकडे ते १० मीटरच्या बंदिस्त रेंजवर जसेच्या तसे उचलून आणले गेले. गोंधळ झाला तो इथे.

आणि त्या रानातही एक मोठा शत्रू आहे. अगरबत्तीचा धूर तिरका करील पण गालाला जेमतेम कळेल अशी सेकंदाला १ मीटरची आडवी झुळूक वरच्या हिशेबातला छर्रा ५० मीटरवर ३ ते ४ सेंटिमीटर बाजूला नेते. वजनाने २ मिलिमीटर, वाऱ्याने ३५. ज्याला वारा वाचता येत नाही त्याने रात्रभर छर्रे तोलणे म्हणजे घराचे दार सताड उघडे टाकून खिडकीची कडी तपासणे.

‘मापणे’ म्हणजे नेमके काय?

तोलणे आणि मापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मापायचा असतो डोक्याचा व्यास. नामवंत कंपन्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे छापलेले असतात. फरक ०.०१ मिलिमीटरचा. आपला केस याच्या कितीतरी पट जाड. तरीही हा फरक नळीला कळतो. डोके सैल असेल तर छर्रा नळीत किंचित तिरका बसू शकतो, फार घट्ट असेल तर घर्षणाने वेग बदलतो.

मापण्यासाठी व्हर्निअर कॅलिपर वापरू नये. शिसे मऊ असते, जबड्यात धरताच दबते आणि आपण मोजतो ते आपणच दाबलेले माप. त्यापेक्षा क्रमाने वाढत्या भोकांची पट्टी बरी. छर्रा स्वतःच्या वजनाने ज्या भोकात जाईल ते त्याचे माप. वर्कशॉपमध्ये आम्ही ‘गो-नो गो गेज’ वापरायचो, तीच पद्धत.

दुसरा उपाय बिनखर्चाचा. किंचित उतार दिलेल्या काचेवर छर्रे एकाच जागेवरून घरंगळू द्या. डोके आणि घेर यांचे व्यास वेगळे असल्याने छर्रा सरळ न जाता वळण घेतो. ज्यांचे प्रमाण सारखे ते एकाच जागी पोहोचतात, वेगळा असलेला वेगळीकडे जातो. मामेबहिणीला हा प्रकार फार आवडला. एक छर्रा भलतीकडेच गेला तेव्हा तिने विचारले, ‘‘ताई, हा वाकडा आहे की मी वाकडा सोडला?’’ प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही तोच छर्रा पाच वेळा सोडला. पाचही वेळा तो तिकडेच गेला. मग त्याला बाजूला काढले.

काही जण याहून पुढे जातात आणि प्रत्येक छर्रा ठरावीक मापाच्या साच्यातून दाबून काढतात, म्हणजे ‘सायझिंग’ करतात. वाहतुकीत चेपलेला घेर याने गोल होतो, सगळे छर्रे एका मापाचे होतात. पण साचा तुमच्या नळीपेक्षा लहान असेल तर घेर घट्ट बसत नाही आणि हवा निसटते. आतली पोकळी तर साच्याने जात नाहीच. शिवाय दाबताना छर्रा तिरका गेला तर चांगल्याचा वाईट होतो. म्हणून सायझिंग हा शेवटचा उपाय. सुरुवात तिथून करू नये.

तोलण्याआधी काय करावे?

माझ्या मते क्रम असा असावा. पहिले, डोळ्यांनी निवड. घेर चेपलेले, डोक्यावर ओरखडा असलेले, शिशाचा कीस चिकटलेले छर्रे सरळ बाजूला. याला काटा लागत नाही, चांगला उजेड लागतो. तांदूळ निवडणाऱ्या आजीला हे काम शिकवावे लागणार नाही. घेराचा दोष १० मीटरवरही नडतो, कारण तिथे छर्रा नळीतून बाहेर पडतानाच डगमगतो.

दुसरे, आपल्या नळीला कोणते माप आवडते ते शोधणे. दोन रायफली एकाच कारखान्यातल्या असल्या तरी त्यांची आवड वेगळी असू शकते. मैत्रिणीला ४.५० चालतो म्हणून आपल्यालाही चालेल असे नाही.

तिसरे, लॉट. एकाच नावाचे, एकाच मापाचे, पण वेगवेगळ्या वेळी बनलेले छर्रे वेगळे वागतात. म्हणून युरोपातील नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट आवळून वेगवेगळे लॉट तपासतात आणि जमलेला लॉट एकदम मोठ्या संख्येने घेतात. .२२ च्या काडतुसांसाठी तर जर्मनी आणि ब्रिटनमधील कंपन्यांनी खास चाचणी-रेंज ठेवल्या आहेत. शिकंजा का? कारण त्यात माणसाचा हात नसतो. उरतो तो फक्त नळी आणि छर्ऱ्याचा दोष.

हे तिन्ही झाल्यावर तोलणे. तेही २५-५० मीटरचा शौक असेल तर.

काट्यावर किती विश्वास ठेवावा?

ऑनलाइन मिळणारा सराफी काटा १ मिलिग्रॅमपर्यंत आकडा दाखवतो. दाखवतो म्हणजे तेवढा अचूक असतो असे नाही. एकच छर्रा दहा वेळा ठेवून पाहा. आकडा २-३ मिलिग्रॅम इकडेतिकडे झाला तर १-१ मिलिग्रॅमचे ढीग लावणे ही स्वतःची फसवणूक आहे. आमच्या काट्याने पंखा सुरू असताना एक आकडा दाखवला आणि बंद केल्यावर दुसरा. मामाने घामाघूम होत पंखा बंद ठेवला आणि ५०० छर्ऱ्यांचा डबा संपेपर्यंत रात्रीचा दीड वाजला. तिघांपैकी एकीला सकाळी सहाला सरावाला जायचे होते.

हाही खर्चच आहे. पैशांचा नव्हे, झोपेचा. आणि झोपमोडीचा परिणाम १० मीटरच्या निकालावर ५ मिलिग्रॅमपेक्षा नक्कीच मोठा असणार.

फरक पडला हे ओळखायचे कसे?

बहुतेक जण काय करतात? तोललेले पाच छर्रे मारतात, पाचही जवळजवळ पडतात आणि निकाल लावून मोकळे होतात. पण पाच नेमांचा घोळका योगायोगानेही लहान येतो आणि योगायोगानेच मोठा. शिवाय हातात ‘खास’ छर्रा आहे हे माहीत असलेला नेमबाज जास्त काळजीने श्वास धरतो. मग सुधारणा छर्ऱ्याची की श्वासाची?

त्यामुळे आम्ही तपासणी आंधळी केली. मामाने दोन सारख्या वाट्या भरल्या, ‘अ’ आणि ‘ब’. एकीत तोलून निवडलेले छर्रे, दुसरीत फक्त डोळ्यांनी निवडलेले. कोणत्या वाटीत काय ते मामाने चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवले. मामेबहिणीने आलटून पालटून दहा-दहा नेमांचे सहा-सहा कागद मारले. मग सगळे कागद मिसळले आणि कोणता कोणत्या वाटीचा हे ओळखायचा प्रयत्न केला. नाही ओळखता आले. तिला नाही, मला नाही, तिच्या प्रशिक्षकांनाही नाही.

एका मुलीची, एका रायफलची ही चाचणी आहे, तिच्यावरून नियम मांडता येत नाही. पण हिशेबाने जे सांगितले होते त्याच्या विरुद्ध काही दिसले नाही. आणि मामाला त्याचे उत्तर मिळाले.

मनाला बरे वाटते, हे पुरेसे नाही का?

हा प्रतिवाद मी गांभीर्याने घेते. नेमबाजी निम्मी मनाची आहे. डब्यातला प्रत्येक छर्रा आपण पाहिला आहे, ही खात्री घेऊन उभे राहणे वेगळे. मोठे खेळाडू बारीकसारीक तयारी करतात त्यामागे हेही कारण असते.

पण त्या खात्रीची दुसरी बाजू प्रशिक्षकांनी दाखवली. ते म्हणाले, ‘‘नऊ पडला की पोरं आधी डब्याकडे बघतात. छर्रे निवडून दिले की डब्याकडे बघायची सोय जाते. मग ती ट्रिगरकडे बघतात. माझ्यासाठी फायदा तेवढाच.’’ निवड करा ती या कारणासाठी. गुण विकत मिळतात म्हणून नव्हे. ‘खास निवडलेले’ असे लेबल लावून जादा किंमत घेणारा विक्रेता नेमका दुसऱ्या समजावर धंदा करतो. निवडले कशावरून, कोणत्या काट्यावर, कोणत्या नळीसाठी, हे तीन प्रश्न विचारा. आमच्या विक्रेत्याकडे तिन्हींची उत्तरे नव्हती.

मग हवे काय?

काटे घरोघरी घेण्यापेक्षा रेंजवर एक शिकंजा हवा. बालेवाडीसारख्या मोठ्या संकुलात आणि जिल्ह्यांच्या रेंजवर अशी एकेक सोय झाली, चार-पाच लॉटचे थोडे-थोडे छर्रे तिथे चाचणीला मिळाले, तर नेमबाज आपल्या रायफलला जमणारा लॉट शोधून मग डबे घेईल. आज आपल्याकडची मुले दुकानात जे उपलब्ध आहे ते उचलतात आणि त्यातूनच ‘निवडलेल्या’ डब्यांना गिऱ्हाईक मिळते. परदेशी जाऊन लॉट तपासणे मोजक्यांना परवडते. शिकंज्याचा खर्च एका संघटनेला जड नाही, शंभर पालकांना मात्र वेगवेगळा जड पडतो.

घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी दोन सूचना. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या मर्यादेतील एअर रायफलला परवाना लागत नाही, पण म्हणून ती खेळणे ठरत नाही. गच्चीवरून, अंगणातून नेम धरू नका, पक्ष्यांवर तर मुळीच नाही, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. आणि छर्रे शिशाचे असतात. ते हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भडंगाच्या वाटीत हात घालू नका. आमच्याकडे मामीने हा नियम पहिल्याच दिवशी लागू केला.

तो महागडा डबा आता संपला. पुढचा साधाच आणला आहे, पण मापाचा आकडा पाहून. मामेबहीण रात्री जेवणानंतर दहा मिनिटे दिव्याखाली दुसऱ्या दिवसाचे छर्रे निवडते, चेपलेले बाजूला काढते आणि झोपते. काटा मामीने नेला. आता त्यावर केशर तोलले जाते.